उपासनेचा सूर कोणाचा?

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे इच्छापोर आता निव्वळ खेडे राहिलेले नाही. हिरे-जवाहिरांच्या उद्योगाने आणि परिसरातील कारखान्यांनी अनेक प्रांतांतील माणसे तिकडे ओढून आणली आहेत. खानदेशातून सुरतेस जाणाऱ्या मराठी माणसाची वाट तर जुनीच. अशा स्थलांतरितांतील एखादे मराठी ख्रिस्ती कुटुंब रविवारी प्रार्थनेस बसले, तर त्याने गावे काय? आजोबांना ‘उपासना संगीता’तील पदे मुखोद्गत, नातवाला गिटारच्या साथीची हिंदी गीते प्रिय. हा पेच एका गावाचा नाही. मुंबई-पुण्यापासून नगरपर्यंतच्या मंडळ्यांत तो कमीअधिक प्रमाणात जाणवतो.

जुन्याचे अभिमानी म्हणतात, नव्या गीतांनी उपासनेचे गांभीर्य लयास गेले. परंतु ज्याला आपण जुने म्हणतो, तेही एके काळी नवेच होते. मिशनऱ्यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते बसविली, तेव्हा त्या चाली येथल्या कानांना परक्याच होत्या. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबांच्या वाटेने जाणारी भजने रचून ख्रिस्ती उपासनेला मराठी मातीचा गंध दिला. कॅथलिक पंथाचा इतिहासही असाच बोलका आहे. दहाव्या पायस पोपनी 1903 साली चर्चमध्ये पियानो, ढोल आणि झांज यांना मज्जाव केला. पुढे 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक जनांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान देण्यास सांगितले. आपल्या गोमंतकात तर फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 सालीच रायतूर येथे छापले गेले होते. तेव्हा नवेपणा हा काही दोष नव्हे.

नव्या गीतांची एक बाजू न्यायाने मान्य केली पाहिजे. चार ओळींचे, पुनःपुन्हा म्हणावयाचे गीत निरक्षरालाही लगेच साधते. नाना भाषांच्या कामगारांना ते एकत्र गुंफते. परंतु हीच त्याची मर्यादाही आहे. सात-आठ कडव्यांच्या पदातून कथा, बोध आणि भाषा ही तिन्ही मुलाच्या मनात उतरत. चार ओळींत तेवढे मावत नाही. शिवाय ध्वनिवर्धकाच्या गजरात व्यासपीठावरील चौघेच गातात आणि उरलेली मंडळी श्रोते बनतात. अर्थात हा आरोप केवळ नव्यावर करून चालणार नाही. जेथे पेटीवर रेंगाळणारे पद दोन-तीन वृद्धांखेरीज कोणास येत नाही, तेथेही मंडळी मुकीच असते.

म्हणून आमच्या मते कसोटी तबला की गिटार ही नसून, मंडळीचा आवाज मंडळीला ऐकू येतो की नाही, ही आहे. दुसरी कसोटी भाषेची. परप्रांतात गेलेल्या कुटुंबाची मराठी शाळेत टिकत नाही, बाजारात टिकत नाही. ती प्रार्थनेतूनही गेली, तर आजोबा आणि नातू यांना जोडणारा धागाच तुटेल.

यावर उपाय अवघड नाही. दर रविवारी निदान एक जुने पद तरुणांनी शिकून गावे आणि एक नवे गीत वडीलधाऱ्यांनी मनापासून म्हणावे. त्याहून निकडीचे काम चालींचे आहे. पदांचे शब्द पुस्तकात सुरक्षित आहेत. चाली मात्र पुष्कळशा ऐकून ऐकून टिकल्या आहेत. ज्यांना त्या येतात ते वृद्ध हयात आहेत तोवर, आज प्रत्येक तरुणाच्या खिशात असलेल्या यंत्रावर त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. गिटार वाजविणाऱ्या नातवानेच हे काम हाती घेतले, तर वाद बराचसा आपोआप मिटेल. हरवलेला शब्द ग्रंथालयात सापडू शकतो. गळ्यातून गेलेली चाल मात्र परत येत नाही.