विश्लेषण : विकिरणाने कांद्याचा कोंब थांबेल; घट कशी थांबणार?

कांदा टिकवण्यासाठी अणुतंत्रज्ञान वापरणाऱ्या ‘कांदा महाबँके’ची घोषणा राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये केली. नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर ही पहिली ठिकाणे ठरली. त्या वेळी दाखला दिला गेला तो मात्र अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरीचा. तिथे ‘हिंदुस्थान ॲग्रो’ या संस्थेने विकिरण केंद्राचा प्रकल्प हाती घेतला आहे. अणुऊर्जा म्हटले की तारापूर किंवा जैतापूर डोळ्यांसमोर येते. पारनेर, नेवासा, राहुरी, श्रीगोंदा या तालुक्यांतल्या शेतकऱ्याचा अणूशी संबंध येईल तो विजेतून नव्हे, कांद्यातून. पण या तंत्राकडून अपेक्षा काय ठेवायची आणि काय ठेवायची नाही, हे घोषणांमध्ये फारसे सांगितले जात नाही.

चाळीत कांदा नेमका कसा बिघडतो?

देशात पिकणाऱ्या कांद्यापैकी सुमारे ७० टक्के कांदा रब्बीचा, म्हणजे उन्हाळी. नगरच्या बाजारात त्याला गावरान कांदा म्हणतात. मार्च ते मे या काळात तो निघतो आणि खरिपाचा लाल कांदा बाजारात येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाला पुरवावा लागतो. तेवढे सहा महिने तो बहुतांशी चाळीतच असतो.

या सहा महिन्यांत कांदा तीन प्रकारे घटतो आणि या तिन्हींची कारणे वेगळी आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी उडून वजन कमी होते. जून ते ऑगस्टच्या दमट हवेत सड लागते आणि काळी बुरशी चढते. चाळीत एक कांदा सडला की शेजारचे दहा धरतो. मग सप्टेंबरनंतर हवा थंड होऊ लागली की कांद्याची झोप मोडते आणि आतून हिरवा कोंब बाहेर येतो. कोंब आलेला कांदा लिलावात वेगळा काढला जातो आणि मातीमोल जातो. साधारणपणे चाळीतला चौथा हिस्सा तरी अशा प्रकारे वाया जातो. पाऊस लांबला तर त्याहून जास्त.

विकिरणाचा थेट उपयोग या तिन्हींपैकी फक्त शेवटच्या घटीवर होतो.

विकिरण केंद्रात काय होते?

कांद्याच्या मध्यभागी वाढीचा एक नाजूक बिंदू असतो. त्यातल्या पेशी विभागू लागल्या की कोंब फुटतो. गॅमा किरणांनी या पेशींतल्या डीएनएचे तुकडे होतात आणि विभाजन कायमचे थांबते. बाकीचा कांदा, म्हणजे पाकळ्या, साल, चव आणि तिखटपणा, जवळपास तसाच राहतो.

यासाठी लागणारी मात्रा फार थोडी आहे. ६० ग्रे, म्हणजे एका किलो कांद्यात ६० ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने पाणी तापवायचे म्हटले तर किलोभर पाण्याचे तापमान एका अंशाच्या सत्तराव्या भागाच्या आसपासच वाढेल. मसाल्यांतले जंतू मारायला याच्या शंभरपट आणि वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करायला चारशेपट मात्रा द्यावी लागते. पुढे खर्चाचे गणित मांडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

माणसासाठी मात्र ही मात्रा थोडी नाही. संपूर्ण शरीराला चार-पाच ग्रे एकदम मिळाले तर ते जीवघेणे ठरू शकते. म्हणून किरणांचा स्रोत दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींआड असतो आणि काम नसताना बहुतेक केंद्रांत तो खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. कांद्याचे क्रेट फिरत्या पट्ट्यावरून आत जातात, स्रोताभोवती फेरी मारतात आणि बाहेर येतात. आत माणूस जात नाही.

मग असा कांदा किरणोत्सारी होतो का?

नाही. दिव्याखाली ठेवलेली वस्तू दिवा बंद झाल्यावर प्रकाश देत नाही, तसेच हे आहे. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. अन्नातल्या अणूंचे केंद्रक किरणोत्सारी करायला ती पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्येच १० हजार ग्रेपर्यंतच्या मात्रेला सुरक्षित ठरवले. कांद्याची मात्रा त्याच्या दीडशेव्या हिश्श्याच्या आसपास आहे. भारतात कांदा-बटाट्याच्या विकिरणाला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. ग्राहकाला ते कळावे म्हणून वेष्टनावर हिरव्या रंगाचे ‘रॅड्युरा’ चिन्ह छापावे लागते.

हा कोबाल्ट येतो कुठून?

वीज बनवणाऱ्या अणुभट्टीतून, आणि अणुऊर्जा केंद्र व कांद्याची चाळ यांचे नाते इथेच जुळते. साधा कोबाल्ट-५९ धातू जड पाण्याच्या अणुभट्टीत, तिचा वेग सांभाळणाऱ्या कांड्यांमध्ये बसवून काही वर्षे ठेवतात. भट्टीतले न्यूट्रॉन शोषून त्याचा कोबाल्ट-६० होतो. राजस्थानातल्या रावतभाटा येथील अणुभट्ट्यांमधून असा कोबाल्ट काढला जातो. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतले ‘ब्रिट’, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, तो देशभरातल्या केंद्रांना आणि कर्करोग रुग्णालयांना पुरवते.

कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. म्हणजे दरवर्षी त्याची ताकद सुमारे १२ टक्क्यांनी घटते. केंद्रात कांदा आला काय आणि न आला काय, ही घट चालूच राहते. डिझेलचे इंजिन बंद ठेवले तर डिझेल वाचते. कोबाल्ट वाचत नाही.

लासलगावचा अनुभव काय सांगतो?

कोपरगावहून तास-दीड तासाच्या अंतरावर, लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कृषी उत्पादन संरक्षण केंद्र हे त्याचे पूर्ण नाव. आशियातली सर्वात मोठी म्हणवली जाणारी कांदा बाजारपेठ शेजारीच असल्याने ते तिथे झाले. उद्देश कांद्याचाच होता.

नाव मात्र मिळाले ते आंब्याने. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले ते विकिरणाच्या अटीवर, आणि अमेरिकेची मान्यता मिळवणारे लासलगाव हे भारतातले पहिले केंद्र ठरले. कोकणातला हापूस नाशिक जिल्ह्यात येऊन किरणे घेऊन अमेरिकेला जाऊ लागला. शेजारच्या बाजार समितीतला कांदा मात्र बहुतांशी जुन्याच वाटेने जात राहिला. तंत्र फसले असे नाही. आंब्याच्या पेटीला जो भाव मिळतो त्यात वाहतूक, प्रक्रिया आणि कागदपत्रांचा खर्च सहज निघतो. दहा-बारा रुपये किलोने विकल्या जाणाऱ्या कांद्यात रुपया-दीड रुपयाचा वाढीव खर्चही शेतकरी दहा वेळा मोजतो. शिवाय, किरणे दिलेला कांदा पुन्हा त्याच चाळीत न्यायचा असेल, तर जून-ऑगस्टची सड आणि वजनातली घट यांचे काय?

वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधले नाही. राहुरीला ते शोधावेच लागेल.

शीतगृहाशिवाय चालेल का?

चालणार नाही, निदान महाबँकेच्या नावाला साजेसे तरी नाही. गंमत अशी की, नुसत्या शीतगृहानेही कांद्याचे काम भागत नाही. शून्य ते दोन अंशांत कांदा सडत नाही, सुकतही नाही. पण बाहेर काढून उबदार हवेत ठेवला की झोपेतून जागा होतो आणि थोड्याच दिवसांत कोंब फुटतो. व्यापाऱ्याच्या ट्रकमध्येच कांद्याला मोड येतात. म्हणून बटाट्यासारखी कांद्याची शीतगृहे आपल्याकडे रुळली नाहीत. आधी विकिरण आणि मग कोरड्या हवेचे शीतगृह, अशी जोडी जमली तर दोघांच्या उणिवा भरून निघतात. शीतगृह सड आणि घट रोखते, विकिरण कोंब रोखते.

वेळेचेही बंधन आहे. कांदा काढून, पात कापून, सावलीत सुकवल्यावर काही आठवड्यांतच, तो सुप्तावस्थेत असतानाच, किरणे द्यावी लागतात. आतला कोंब हलू लागल्यावर दिलेल्या किरणांनी कोंब मरतो, पण कांद्याच्या पोटात काळी पडलेली जागा राहते. ग्राहक कांदा चिरतो तेव्हा ती दिसते. म्हणजे ऑगस्टमध्ये भाव पाहून ‘आता किरणे देऊ’ असे म्हणता येत नाही. निर्णय एप्रिल-मेमध्येच घ्यावा लागतो, आणि तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पैसा सर्वात कमी असतो.

क्षमतेचे एक साधे गणित मांडता येते. ताशी १० टन कांद्याला किरणे देणारे केंद्र दिवसात २० तास चालले तर २०० टन होतात. घोडेगाव किंवा नेप्तीच्या बाजारात लिलावाच्या एका दिवशी ५० हजार गोण्या आल्या आणि गोणी ५० किलोची धरली, तर ती आवक होते अडीच हजार टन. एका दिवसाच्या आवकेला केंद्राचे बारा-तेरा दिवस. पूर्ण ९० दिवसांच्या हंगामात असे एक केंद्र १८ हजार टन काढील. एका तालुक्यालाही हे पुरेसे नाही. उरलेले नऊ महिने केंद्र काय करणार, हा प्रश्न आहेच, कारण कोबाल्ट झिजतच असतो. मसाले, हळद, डाळी, पशुखाद्य अशा मालावर ते चालवता येते. पण ज्या मालाला शंभरपट मात्रा लागते, तो तेवढ्याच पटीने स्रोताजवळ रेंगाळतो. कांद्यासाठी आखलेल्या केंद्राला ते काम परवडेलच असे नाही. सरकारी अनुदानाचा हिशेब इमारतीपाशी न संपता रिकाम्या महिन्यांचाही झाला पाहिजे.

टिकलेल्या कांद्याचा फायदा कोणाला?

तंत्राचे प्रश्न सुटणारे आहेत. खरा वाद इथे आहे.

केंद्र सरकार भाव आटोक्यात ठेवण्यासाठी दरवर्षी नाफेड आणि एनसीसीएफमार्फत कांद्याचा राखीव साठा करते. २०२३ मध्ये हा साठा पाच लाख टनांवर नेला गेला. त्यातल्या सुमारे १,२०० टनांवर प्रायोगिक विकिरण झाले आणि पुढच्या वर्षी एक लाख टनांचे उद्दिष्ट केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने सांगितले. हा साठा बाहेर काढला जातो तो भाव वाढू लागल्यावर, म्हणजे चाळीत कांदा राखून बसलेल्या शेतकऱ्याचे दिवस येतात नेमके तेव्हा. साठा जितका टिकाऊ, तितका तो हुकमी वेळी बाजारात ओतता येतो. मुंबई-दिल्लीच्या ग्राहकाला त्याचा दिलासा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच तंत्राला शेतकरीहिताचे नाव द्यायचे, तर टिकलेल्या कांद्याची मालकी शेतकऱ्याकडे राहिली पाहिजे.

धान्याच्या पोत्यावर तारण कर्ज मिळते. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवून पावतीवर पैसे उचलण्याची योजना राज्यात नव्वदच्या दशकापासून आहे. कांद्याच्या चाळीवर असे पैसे द्यायला बँक कचरते, कारण पोते सहा महिन्यांनीही पोतेच राहते, चाळीतला कांदा राहत नाही. विकिरण आणि शीतगृह यांनी ही अडचण दूर होते, आणि या तंत्राची सर्वात मोठी किंमत हीच आहे. मे महिन्यात राहुरीला कांदा ठेवला, पावती मिळाली, पावतीवर सोसायटीचे कर्ज फिटले, खरिपाचे बियाणे आले आणि कांदा नोव्हेंबरपर्यंत स्वतःच्या नावावर राहिला, तर ती बँक म्हणता येईल. नाहीतर कमी भावात घेतलेला कांदा व्यापाऱ्याने किंवा सरकारी यंत्रणेने टिकवायची ती एक आधुनिक वखार होईल.

आणि निर्यातीचे धोरण?

साठवण हा शेवटी पुढच्या भावावर लावलेला डाव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत. बंदी उठली तरी ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य कायम राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते गेले. दीड-पावणेदोन वर्षांत एवढ्या वेळा नियम बदलत असतील, तर सहा महिने कांदा राखण्याचा सल्ला शेतकऱ्याला कोणत्या भरवशावर द्यायचा? गॅमा किरणांनी कोंबाचा धोका जातो, पण एका रात्रीत निघणाऱ्या अधिसूचनेचा जात नाही. उलट शीतगृहाचे भाडे अंगावर घेतलेल्या शेतकऱ्याला ती जास्त महागात पडेल.

त्यामुळे महाबँकेच्या आराखड्यात तीन गोष्टी आधी लिहिल्या गेल्या पाहिजेत : किलोमागे विकिरण आणि साठवणुकीचा दर किती आणि तो कोण भरणार, पावती कोणाच्या नावावर आणि तिच्यावर कोणती बँक किती कर्ज देणार, आणि साठवणुकीच्या मधल्या काळात निर्यात बंद झाली तर भाडे व व्याज कोणाच्या खात्यावर. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो, महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीतच आहे, कांद्याचे वाण आणि साठवण यांवर काम करणारी माणसेही तिथे आहेत. राहुरीत पहिला हंगाम चालेल तेव्हा किती टन आत गेला, किती बाहेर आला आणि तो कोणत्या भावाने कोणाच्या नावावर विकला गेला, हे आकडे गावोगावच्या सोसायट्यांच्या फळ्यावर लावले जायला हवेत.