राजीखुशीने, अक्कलहुशारीने

सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनी मृत्युपत्र करावे, हे ऐकून आपल्याकडील आजीबाई कानांवर हातच ठेवतील. अमेरिकेतील हायस्कुलांत मात्र ही थट्टा शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. शाळा सोडून जाणारी शेवटच्या वर्गाची मंडळी शाळेच्या वार्षिकात, आपल्या ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’च्या वकिली थाटात, आपली इस्टेट धाकट्यांना वाटून टाकतात. इस्टेट ती काय? कुलूप धड न लागणारे कपाट, मोटार उभी करण्याची मोक्याची जागा, उशिरा येऊन सबब सांगण्याची हातोटी! ताडमाड मुलगा आपली चार इंच उंची बुटक्याला देऊन मोकळा होतो. आणि मास्तरांना काय? इतक्या दिवसांनी लाभणारी शांतता. (हे दान मी तरी आनंदाने घेईन.)

आमच्या स्नेहसंमेलनांतली शेलापागोटी याच गोत्रातली. पण ती संध्याकाळपुरती. हे छापून राहते. एखादीच्या जाडेपणावरचा विनोद पन्नास वर्षांनी तिच्या नातवाच्या हाती पडायचा! म्हणून शिक्षक मजकूर आधी तपासतात. काही शाळांनी तर ही चालच बंद केली. मला ते रुचत नाही. लाल पेन्सिल जरूर चालवावी, पण सगळेच खोडू नये. कारण त्याच खोडसाळ यादीत एखादा पोरगा जेवणघरातली आपली खिडकीजवळची खुर्ची एकट्यानेच डबा खाणाऱ्या नव्या मुलाच्या नावे करून जातो. आणि सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा त्या मुलाला कुठे बसावे हे कुणाला विचारावे लागत नाही.