विश्लेषण : गुडघा डावा की उजवा? अमेरिकेत एक्स-रे, एमआरआयच्या चिठ्ठ्या नव्या कोडमुळे का अडतात?

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांच्या नोंदीसाठी ‘आयसीडी-१०’ ही नवी कोडपद्धती लागू झाली. पहिल्याच महिन्यात बिलांची यंत्रणा कोलमडेल, अशी भीती अनेकांना होती. तसे झाले नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीची ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना चालवणाऱ्या ‘सीएमएस’ या केंद्रीय यंत्रणेने २९ ऑक्टोबरला आकडेवारी जाहीर केली. त्यानुसार १ ते २७ ऑक्टोबर या काळात रोज सरासरी ४६ लाख दावे दाखल झाले. चुकीच्या नव्या कोडमुळे परत गेलेल्या दाव्यांचे प्रमाण अवघे ०.०९ टक्के होते. नामंजूर दावे १०.१ टक्के होते, आणि एरवीही हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासच असते. तरीही एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय करणाऱ्या केंद्रांची डोकेदुखी संपली नाही. तिचे कारण या आकड्यांत दिसत नाही.

नेमका बदल काय?

‘आयसीडी’ म्हणजे आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या या वर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. अमेरिका मात्र उपचारांच्या नोंदीसाठी १९७९ पासून नवव्या आवृत्तीचे स्वतःचे रूप वापरत होती. नव्या पद्धतीसाठी आधी ऑक्टोबर २०१३ ही तारीख ठरली, ती २०१४ वर गेली आणि अखेर २०१५ वर आली.

जुन्या पद्धतीत आजारांचे सुमारे १४ हजार कोड होते, नव्या पद्धतीत २०१५ मध्ये ते सुमारे ६९ हजार होते. आजार एकदम पाचपट झाले, असा याचा अर्थ नाही. पूर्वी एका कोडखाली बसणारी माहिती आता अनेक कोडमध्ये विभागली आहे. गुडघेदुखीचेच पाहा. पूर्वी त्यासाठी ७१९.४६ हा एकच कोड पुरत असे. आता उजव्या गुडघ्याला एम २५.५६१, डाव्याला एम २५.५६२ आणि बाजू नोंदवलेली नसेल तर एम २५.५६९ असा कोड द्यावा लागतो.

हाड मोडले असेल तर आणखी तपशील लागतो. कोणते हाड, कोणती बाजू, जखम उघडी की बंद, हे सांगून झाल्यावर शेवटी एक अक्षर येते. उपचार सुरू असतील तर ‘ए’, हाड नीट जुळत असेल तर ‘डी’, जुळलेच नसेल तर ‘के’. इथे एक घोटाळा हमखास होतो. रुग्ण एक्स-रे केंद्रात पहिल्यांदाच आला म्हणून ‘ए’ लावायचा नसतो. रुग्ण त्या केंद्रासाठी नवा असला तरी त्याचे प्लास्टर महिन्यापूर्वीच झालेले असू शकते. अक्षर ठरते ते उपचाराच्या टप्प्यावरून.

फटका इमेजिंग केंद्रांनाच का?

बिलात दोन गोष्टी सांगाव्या लागतात. काय केले आणि का केले. ‘काय केले’ यासाठी वेगळी कोडयादी आहे. बाह्यरुग्णांच्या बाबतीत ती बदललेली नाही. आयसीडीचा कोड ‘का केले’ ते सांगतो. तपासणी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची होती की नाही, हे विमा योजना त्यावरून ठरवते.

इतर डॉक्टर रुग्णाला स्वतः तपासतात. कोणता गुडघा दुखतो, हे त्यांना समोर दिसते. रेडिओलॉजिस्टपुढे येते ती दुसऱ्या डॉक्टरने लिहिलेली चिठ्ठी. तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरनेच तिचे कारण कळवावे, असे १९९७ च्या ‘बॅलन्स्ड बजेट’ कायद्याने मेडिकेअरपुरते बंधनकारक केले आहे. पण चिठ्ठीवर ‘गुडघेदुखी, एमआरआय’ एवढेच लिहिले, तर पैसे अडकतात ते इमेजिंग केंद्राचे. चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या तपासणी फीला त्याची झळ लागत नाही. माहिती एकाकडे आणि नुकसान दुसऱ्याचे, ही अडचण जुनीच आहे. नव्या पद्धतीने तिची किंमत वाढवली.

‘बाजू नोंदवलेली नाही’ हा कोड वैध आहे, मग तोच का लावू नये? कारण एमआरआयच्या बिलावर उजवा गुडघा असल्याची खूण असते. तपासणी उजव्या गुडघ्याची आणि दुखणारा गुडघा कोणता ते माहीत नाही, असा दावा विमा कंपनीपुढे गेला तर शंका येणारच.

रिपोर्ट आल्यावर कोड कळत नाही का?

काही वेळा कळतो. एमआरआयमध्ये कूर्चा फाटलेली दिसली, तर तोच आजार कोड म्हणून लावता येतो. मात्र रिपोर्ट नॉर्मल आला, तर ज्या तक्रारीसाठी तपासणी झाली त्या तक्रारीचाच कोड लावावा लागतो. म्हणजे रिपोर्टमध्ये काहीच सापडले नाही की चिठ्ठीतील दोन ओळींवर सगळी भिस्त येते.

त्यात डॉक्टरांची एक सवय आड येते. ‘फ्रॅक्चर आहे का पाहावे’, ‘न्यूमोनियाची शंका’ असे चिठ्ठीवर सर्रास लिहिले जाते. वैद्यकीयदृष्ट्या ते योग्यच आहे. पण बाह्यरुग्णांच्या बिलात शंकेला कोड देता येत नाही. ‘पडल्यानंतर उजवे मनगट सुजले’ किंवा ‘तीन आठवडे खोकला’ असे लक्षण लिहिलेले हवे.

जुन्या चिठ्ठ्यांचे काय?

कोड चिठ्ठीच्या तारखेवरून ठरत नाही, तपासणीच्या तारखेवरून ठरतो. सप्टेंबर २०१५ मध्ये लिहिलेली चिठ्ठी घेऊन रुग्ण ऑक्टोबरमध्ये आला, तर नवाच कोड लागत असे. स्तनांच्या नेहमीच्या मॅमोग्राफीसाठी हे सोपे आहे, कारण व्ही ७६.१२ च्या जागी झेड १२.३१ हा थेट पर्याय आहे. गुडघेदुखीच्या जुन्या कोडपुढे मात्र तीन पर्याय येतात. त्यांतला कोणता निवडायचा, हे संगणकाला ठरवता येत नाही. मग चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात फोन करावा लागतो. हे फोन आणि त्यात गेलेला वेळ सीएमएसच्या आकडेवारीत येत नाही, कारण दावा दाखल होतो तो उत्तर मिळाल्यावर.

यात भारताचा संबंध कुठे?

अमेरिकी रुग्णालये आणि केंद्रांच्या बिलांचे कोडिंग करणाऱ्या कंपन्या पुणे, मुंबई, चेन्नई, हैदराबाद अशा शहरांत आहेत. तिथल्या कर्मचाऱ्यांपुढे रिपोर्ट आणि चिठ्ठी असते, डॉक्टर नसतो. माहिती अपुरी असेल तर अंदाजाने कोड लावणे नियमबाह्य आहे. प्रश्न अमेरिकेतील केंद्राकडे परत पाठवावा लागतो आणि दावा तेवढा लांबतो. भारतातही मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण आयसीडी-१० नुसार होते. पण ते जागतिक आरोग्य संघटनेचे मूळ रूप आहे. अमेरिकेचे बिलांसाठी विस्तारलेले रूप वेगळे आहे.

सवलत होती, मग काळजी कशाला?

सीएमएस आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशन यांनी जुलै २०१५ मध्ये एक सवलत जाहीर केली. कोड वैध असेल आणि योग्य गटातला असेल, तर पुरेसा नेमका नाही एवढ्याच कारणाने मेडिकेअर डॉक्टरांचा दावा वर्षभर नाकारणार नव्हती. पण ही सवलत खासगी विमा कंपन्यांवर बंधनकारक नव्हती. हाडांची घनता मोजण्यासारख्या काही तपासण्यांना कोणत्या कारणांसाठी पैसे मिळतील, हे मेडिकेअरने आधीच ठरवलेले आहे. तिथली अट सवलतीनेही शिथिल झाली नव्हती. शिवाय १ ऑक्टोबर २०१६ रोजी सवलत संपली आणि गोठवलेल्या कोडयादीत दरवर्षी बदल करणेही पुन्हा सुरू झाले. पहिल्या महिन्याची शांतता काही प्रमाणात या सवलतीची होती.

रुग्णासाठी याचा अर्थ काय?

मेडिकेअर पैसे नाकारेल असे वाटले, तर तपासणीपूर्वी केंद्र रुग्णाची लेखी संमती घेऊ शकते. सही केली की नाकारलेले बिल रुग्णाच्या खिशातून जाते. सही नसेल तर तोटा केंद्राचा. दोन्ही टाळायचे तर वेळ चुकलेली तपासणी हाती उरते.

यावर उपाय महागडा नाही. चिठ्ठीच्या नमुन्यात बाजू, लक्षण, दुखणे कधीपासून आणि उपचाराचा टप्पा या चार रकाने हवेत, आणि केंद्राने ते अपॉइंटमेंट देतानाच तपासायला हवेत. कोणता गुडघा दुखतो, हे रुग्णाला ठाऊक असते आणि त्याच्या डॉक्टरलाही. ते कागदावर उतरत नाही, एवढाच प्रश्न आहे. हजारो कोडची यादी तो आपोआप सोडवणार नाही.