पिजदुऱ्याच्या शिवारात



अशोक विजयादशमीला आपल्या बीड जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे नागपूरला जातात. त्यातली काही पुढे चंद्रपूरही करून येतात, कारण १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली होती. नागपूर-चंद्रपूर रस्ता वरोऱ्यावरून जातो. त्या वरोऱ्याजवळ पिजदुरा नावाचे एक लहान गाव आहे आणि त्याच्या शिवारात डायनासोरची हाडे सापडतात, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. गेल्या खेपेला आम्ही दोन क्रुझर गाड्यांतून एकोणीस जण गेलो होतो. एक दिवस जास्त काढला आणि ते शिवार पाहून आलो.

सोबतीला भद्रावतीकडचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक होते. बरीच वर्षे ही शेते पायी फिरलेला माणूस. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. गाडीतून उतरल्यावर मुलांची तोंडे उतरली, हे कबूल केले पाहिजे. टीव्हीवर दाखवतात ती डायनासोरची जागा म्हणजे अमेरिका-कॅनडाकडचे रंगीत पट्ट्यांचे, पावसाने चिरून टाकलेले ओसाड डोंगर. भूगोलाच्या पुस्तकात त्याला उत्खातभूमी म्हणतात. इथे डोंगर नाही की दरी नाही. सपाट रान, कपाशी, सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरे, आणि मधूनमधून तांबूस माती. एक मुलगा म्हणालाच, "याच्यापेक्षा आपल्या गोदावरीच्या घळया भारी."

ते खोटे नाही. गेवराईच्या बाजूला गोदाकाठी गाळाच्या उंच दरडी आणि पावसाने कोरलेल्या घळया आहेत. नदीकाठी मोठे हाड निघाले की आपल्याकडे राक्षसाचे म्हणून गावभर बोभाटा होतो. अलीकडे मुले त्याला डायनासोरचे म्हणतात. गुरुजींनी दोन्ही समजुती खोडल्या. गोदावरी-मांजरेच्या गाळात सापडतात ती हत्ती, पाणघोडे, रानबैल अशा प्राण्यांची हाडे. लातूर जिल्ह्यात हारवाडीला मांजरेच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अशी हाडे काढली आहेत. ती हजारो वर्षांपूर्वीची. डायनासोर संपले त्याला ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. हजार आणि कोटी यांतला फरक पगारपत्रकावर आयुष्य काढणाऱ्या आम्हाला तरी लगेच कळला!

मग बीडला डायनासोर का नाही? कारण आपला काळा दगड. त्याच काळाच्या आसपास जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकावर एक थर साचले आणि त्याचा हा दख्खनचा दगड झाला. बालाघाटाच्या उतारावर पायऱ्या दिसतात त्या या थरांच्याच. डायनासोर ज्या मातीवर हिंडले ती आपल्याकडे या थरांखाली गाडली गेली. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३४० मीटर काळा दगड लागला, त्याखाली गाळाचा पातळसा थर आणि मग त्याहून कितीतरी जुना खडक. चंद्रपूरकडे लाव्हाची ही चादर विरळ होत संपते, म्हणून तो जुना गाळ तिथे उघडा पडतो. नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून त्याला लमेटा थर म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईवडिलांनी रोजगाराच्या कामावर जी खडी फोडली, ती या लाव्हाचीच.

तासभर गुरुजींनी आम्हाला नुसते खाली पाहत चालायला लावले. हाडाचे तुकडे दिसतात, पण सांगितल्याशिवाय कळत नाहीत. दगडच वाटतात. तुटल्या जागी आतली बारीक जाळी दिसली तर हाड समजायचे. ही हाडे बहुतेक टायटॅनोसॉर नावाच्या लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरची. कासवाच्या पाठीचे तुकडेही मिळतात. इथल्या एका कासवाच्या आणि एका सापाच्या शास्त्रीय नावात 'पिसदुरेन्सिस' हा शब्द आहे. पुस्तकांत गावाचे नाव पिसदुरा असे लिहितात. आपल्या एखाद्या वाडीचे नाव असे जगभरच्या पुस्तकांत गेले असते तर वेशीवर केवढा फलक लागला असता! इथे साधी पाटीही आमच्या दृष्टीस पडली नाही.

पण या गावाची खरी दौलत हाडे नव्हेत, शेण आहे. दगड झालेली विष्ठा इथे लहानमोठ्या गोळ्यांच्या रूपाने सापडते. मुले खो खो हसली. गुरुजी थांबले आणि म्हणाले, हसू झाले असेल तर ऐका. त्यातले काही गोळे टायटॅनोसॉरचे मानले जातात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले आणि २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. आत गवताचे अवशेष होते, तेही निदान ५ प्रकारांच्या गवतांचे. तोवर जगाची समजूत अशी की डायनासोर संपल्यावर बऱ्याच काळाने गवत आले. ती समजूत या वावरातल्या शेणाने मोडली. पुढे २०११ साली भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही अशाच गोळ्यांत मिळाल्या.

एवढी वर्षे गवत टिकले कसे? पाने टिकली नाहीत. गवत जमिनीतून गारेचा अंश शोषते आणि पानात त्याचे अगदी सूक्ष्म कण तयार होतात. पान कुजते, कण राहतात. प्रत्येक जातीच्या गवताचा कण निराळ्या आकाराचा, त्यावरून जात ओळखतात. हे सांगून झाल्यावर सर्वात मागे उभ्या असलेल्या मावशींनी विचारले, "गुरुजी, मंग उसाचं पातं हात कापतं ते ह्याच्यामुळंच व्हय?"

मावशी केज तालुक्यातल्या. वीसेक हंगाम कोयत्यावर गेलेल्या. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढऱ्या रेघा आहेत. गुरुजी क्षणभर त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "होय मावशी. ऊस हे गवतच. त्याच्या पात्याच्या काठाला गारेचे दाते असतात." त्यानंतर मावशी पुढे आल्या त्या शेवटपर्यंत पुढेच राहिल्या. दहावीला असलेल्या त्यांच्या नातवाने वहीत आकृती काढून घेतली. विज्ञानाच्या पुस्तकात हे आहे का, असे त्याला आम्ही विचारले. नाही म्हणाला.

इथे एक गोष्ट खेदाने लिहावी लागते. एका मुलाने एक गोळा खिशात घातला होता. गुरुजींनी न रागावता तो काढायला लावला आणि होता तिथेच ठेवायला सांगितला. येणारा प्रत्येक जण एकेक नेतो, नांगराखाली काही फुटतात, आणि पूर्वी पोत्याने मिळायचे ते आता शोधावे लागते, असे त्यांचे म्हणणे. अशा जागांच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने २०२२ साली एका कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. पण कायदा येवो न येवो, वावर शेतकऱ्याचे आहे. आधी त्याला विचारावे, उभ्या पिकात पाय घालू नये, फोटो काढावा, वस्तू उचलू नये. हाड मातीच्या कोणत्या थरात होते हे कळले तरच त्याचे वय कळते. आपल्या फडताळात ठेवले की ते मुके होते.

जवळच डोंगरगावला १९८० च्या दशकात एका टायटॅनोसॉरचे बरेच हाड-सांगाडे मिळाले. त्याचे आजचे नाव इसिसॉरस. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते ठेवले. संख्याशास्त्राची संस्था हाडे कशाला उकरते, असा प्रश्न आम्हा कॉमर्सवाल्यांना पडलाच. तर संस्थापक महालनोबिस यांना आकडेमोड निसर्गाच्या शास्त्रांना जोडायची होती, म्हणून त्यांनी लंडनहून पामेला रॉबिन्सन यांना बोलावून हा विभाग सुरू केला.

दुपारची भाकरी बाभळीखाली खाल्ली. संध्याकाळी भद्रावतीची विजासन लेणी पाहिली. मुलांनी तिथे बुद्धमूर्तीआधी भिंतीचा दगड निरखला, त्याला आमचा इलाज नव्हता.

ज्यांना जायचे आहे त्यांनी पावसाळा ओसरल्यावर जावे, धुतलेल्या मातीत हाडे चटकन दिसतात. पाणी भरपूर, डोक्याला टोपी किंवा पदर, पायात बूट. पुढच्या खेपेला सिरोंचा तालुक्यात वडधमला जायचा बेत आहे. तिथे वन विभागाचे जीवाश्म उद्यान आहे. प्राणहितेपलीकडे, आता तेलंगणात असलेल्या पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ या काळात बारापासॉरस सापडला. त्याची मांडी जवळजवळ पावणेदोन मीटर, म्हणून बंगालीत 'बडा पाय' अशा अर्थाचे नाव. चंद्रपूरहून अंतर बरेच आहे, मुक्काम पडेल. मावशींनी आपले आणि नातवाचे नाव आताच दिले आहे. मात्र तारीख हंगामाची गाडी निघायच्या आधीची धरा, असे बजावून.