‘रक्त पातळ करणारी गोळी’

गेल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास एका निवृत्त गुरुजींना छातीत दुखते म्हणून माझ्याकडे आणले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलेला. चौकशी केली, तर ॲस्पिरिन पंधरा दिवसांपासून बंद. का? “डॉक्टर, रक्त फार पातळ झालं होतं, थकवा यायचा.” नशीब, वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचले.

हे नाव आम्हा डॉक्टरांनीच रूढ केले आणि माझ्या मते तिथेच चुकले. दुधात पाणी घालावे तसे या गोळीने रक्त पातळ होत नाही. मग काय होते? त्यासाठी वाचकांना थोडे रसायनशास्त्र सोसावे लागेल.

कुरूप आणि गजकर्ण यांच्या मलमात सॅलिसिलिक ॲसिड असते. ते कातडीचा थर सोलते, मग जठराला कसे मानवणार? तरी एकोणिसाव्या शतकात संधिवाताचे रोगी त्याचेच क्षार पोटात घेत आणि पोट धरून बसत. १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत या रेणूतील एका हायड्रोजनच्या जागी ‘ॲसिटाइल’ हा गट बसवून शुद्ध ॲस्पिरिन तयार झाले. दोन कार्बन, तीन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, एवढाच ऐवज! पोटाला थोडे सोसावे इतकीच अपेक्षा होती. (तीही पुरती फळली नाही, अल्सरचे रोगी साक्ष देतील.)

खरी करामत पुढे कळली. ॲस्पिरिन हे शेपूट रक्तातील प्लेटलेटच्या एका विकराला चिकटवून मोकळे होते. ते विकर कायमचे निकामी होते आणि प्लेटलेट एकमेकींना गोळा करून गुठळी करण्यात मंदावतात. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने नवे विकर बनवता येत नाही. आठ-दहा दिवसांचे आयुष्य ती तशीच काढते. शेपूट नसलेल्या सॅलिसिलिक ॲसिडला हे जमत नाही. रोज नव्या प्लेटलेट जन्मतात, म्हणून गोळी रोज. बंद केल्यावर आठवडा-दहा दिवसांत पहारा उठतो. गुरुजींचे पंधरा दिवस झाले होते.

याच ॲसिडला दुसऱ्या टोकाशी एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा ‘मिथाइल’ गट जोडला, की पांढऱ्या भुकटीचे सुवासिक तेल होते. अनेक बामना येणारा तो ओळखीचा वास याचाच. गुडघ्याला चोळायला उत्तम. पण या शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक मोठ्या गोळ्यांइतका ऐवज असतो. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढा पुरे. आमच्याकडे ही बाटली सर्रास आजीच्या उशाशी, नातवाच्या हाताला येईल अशी.

दात काढायचा असो की थकवा वाटो, ज्याने ॲस्पिरिन लिहून दिले त्याला विचारल्याशिवाय ते थांबवू नका. शेजाऱ्याला दिले म्हणून आपणही सुरू करू नका. डेंग्यूच्या साथीत तापावर तर ते मुळीच नको, कारण तेव्हा प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात. मुलांच्या तापालाही घरच्या डब्यातले ॲस्पिरिन देऊ नका. गुरुजींच्या चिठ्ठीवर मी आता ‘गुठळी रोखणारी गोळी’ असे लिहून दिले आहे.