किडनी देणारी ती, घेणारा तो

घरात कुणाची किडनी निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास डायलिसिस सुरू होतं. मग प्रत्यारोपणाचा विषय निघतो आणि सगळ्यांच्या नजरा बायकोकडे नाहीतर आईकडे वळतात. ‘तो कमावता आहे’ हे कारण ठरलेलंच.

आकडेही तेच सांगतात. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यात अवयव मिळालेल्या स्त्रिया फक्त ६,९४५. जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र पाचांतल्या चार बायका! मग बायका काय आजारीच पडत नाहीत?

किडनी देण्यात वाईट काही नाही. नीट तपासण्या झाल्या असतील तर एका किडनीवरही माणूस चांगलं जगतो. पण तिला कुणी विचारलं का? २०१४ च्या नियमांनुसार दाता स्त्री असेल तर तिची संमती स्वतःची आहे ना, हे रुग्ण सोडून दुसऱ्या कुणीतरी पडताळायचं असतं. तिथे ‘नाही’ म्हणता येतं, मैत्रिणींनो.

२०२५ मध्ये ‘नोट्टो’ने मृत दात्याच्या अवयवासाठी थांबलेल्या स्त्रियांना प्राधान्य द्यायला राज्यांना सांगितलं. पण प्रतीक्षायादीत नावच नसेल तर प्राधान्य कसलं? घरातली बाई डायलिसिसवर असेल तर आधी तिचं नाव नोंदवा.