गिटार कोणाची?

परदेशी गिटारवादकांच्या गुणगानात आमच्या मराठवाड्यातील तरुण रसिक आता मुंबई-पुण्यास हार जाणारे नाहीत. लातुरास शिकवणीसाठी खोली घेऊन राहिलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास जिमी हेंड्रिक्सविषयी विचारून पाहावे. 'आर यू एक्सपीरियन्स्ड' या १९६७ सालच्या तबकडीच्या शीर्षकगीतात गिटारची फीत उलटी फिरवून तो विलक्षण नाद कसा साधला, हे तो न अडखळता सांगेल. ही जिज्ञासा स्तुत्य आहे. तिच्याशी आमचा तंटा नाही. परंतु त्याच विद्यार्थ्यास 'दम मारो दम'च्या आरंभीची ती गुंगलेली गिटार कोणाची, असे विचारावे. तो 'पंचमची' म्हणेल, आणि त्याचे वडीलही तेच म्हणतील.

ती गिटार भूपिंदर सिंग यांची. साल १९७१. 'चुरा लिया है' या १९७३ च्या गाण्यात पेल्याच्या किणकिणाटामागून जी बारा तारांची गिटार येते, तीही त्यांचीच. 'दिल ढूंढता है' गाणारे भूपिंदर लोकांस ठाऊक आहेत, कारण गायकाचे नाव वेष्टनावर असते. २०२२ साली ते निवर्तले तेव्हाही शोक झाला तो मुख्यतः गायकाचा.

यावर ठरीव उत्तर असे की, चाल संगीतदिग्दर्शकाची, वादक केवळ हुकमाचा ताबेदार. हे उत्तर देणाऱ्यांनी कधी बैठक ऐकली आहे काय? ज्या नांदेडात अण्णासाहेब गुंजकरांनी नाथराव नेरळकरांसारखा शिष्य घडविला, तेथील श्रोत्यांस बंदिश कोणाची आणि ती मांडली कोणी, हे दोन प्रश्न निराळे असल्याचे सांगावे लागत नाही. तबल्याच्या साथीस कोण बसले, हेही बैठकीत आवर्जून सांगितले जाते. मग चित्रपटगीताच्या दारातच हा विवेक जोड्यांबरोबर बाहेर का ठेवावा? स्वर कागदावर लिहून देता येतात. तार किती दाबावी, आघातानंतर तिचा नाद कोठे मारावा आणि कोठे रेंगाळू द्यावा, हे कोणत्या कागदावर लिहितात?

शिवाय हेंड्रिक्सच्या हाताशी वेगवेगळ्या पट्ट्यांवर थरावर थर चढविण्याची सोय होती. मुंबईच्या स्टुडिओत त्या काळी बहुधा गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच वेळी वाजत असे. कोणता वादक ध्वनिग्राहकापासून किती दूर बसला, यावर त्याच्या वाद्याचा तोल ठरे, आणि एकाचा स्वर ढळला तरी सर्वांस पुनश्च हरि ओम करावा लागे. अशा दडपणाखाली निघालेल्या त्या चार-दोन ओळींस 'साथ' म्हणून बाजूस सारणे हा रसिकपणा नव्हे. (व्हॅन शिपले यांच्या हवायन गिटारच्या तबकड्यांवर वादकाचे नाव असे खरे, पण तेथे गायकच नसे!)

नावाचा हा आग्रह पोकळ मानापमानाचा नाही. १९४९ साली 'महल'मधील 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले होते. आज ते ऐकून आपण हसतो. वादकांच्या बाबतीत मात्र तोच प्रकार निमूट चालू देतो. २०१२ साली स्वामित्वहक्काचा कायदा सुधारला आणि कलावंतांस उत्पन्नात वाटा मिळाला. पण त्याच सुधारणेत असे कलम आले की, चित्रपटातील ज्याचे काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचा श्रेयनामावलीत वा अन्यत्र कोठेही उल्लेख होत नाही, तो कायद्याच्या लेखी कलावंतच नव्हे. आपले वादन कोणी विपर्यस्त केल्यास तक्रार करण्यापुरता काय तो त्याचा अधिकार उरला. नाव गाळण्याचा रिवाज धंद्याने पाडायचा आणि त्याच रिवाजाच्या आधारे वादकास वाट्यापासून दूर लोटण्याची वाट मोकळी ठेवायची, यास न्याय म्हणावयाचे असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

आमचे मागणे फार नाही. नांदेड-लातूरकडील वाद्यवृंद गणेशोत्सवात ही गाणी हटकून सादर करतात. निवेदक संगीतकाराच्या आठवणी पाच-पाच मिनिटे सांगतो. 'चुरा लिया'ची पहिली तार छेडली जाण्यापूर्वी त्याने भूपिंदर सिंग हे नाव उच्चारावे. त्यास दोन क्षण पुरतील.